सलग उतरवलेली सुनीतं

आमच्या घरी कोरी जागा म्हणजे चोरी. वडील नालवाडीतल्या एका खादी संस्थेत कामाला होते, आणि आलेल्या पत्राचं पाकीट उसवून, उलटं चिकटवून पुन्हा वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वर्धेत त्या काळी हे काही जगावेगळं नव्हतं. आश्रमाचा वारा लागलेल्या घरांतून कॅलेंडरच्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहिली जाई, आणि मुलांच्या वह्या समासासकट वरपासून खालपर्यंत भरल्या जात. माझी वही तपासताना वडील अक्षर पाहत नसत, समास पाहत. एखाद्या पानाचा तळ रिकामा दिसला की विचारत, "इतकी जागा कोणासाठी राखून ठेवली?" मी हुशार मुलगी होते, आणि हुशार मुलीला शाबासकीची चटक असते. मॅट्रिकपर्यंत माझ्या वहीत मुंगीला बसायला जागा उरली नव्हती.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मी बरीच वर्षं या सवयीवर फोडत होते. सगळी चूक सवयीची नव्हती. सुरुवात मात्र तिथून झाली.

सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि विषय घेतला होता इंग्रजी साहित्य. वर्गात आम्ही पाचजण. त्यातले दोघे मुलगे बाजारातल्या गाइडवर विसंबून होते, आणि गाइडमध्ये कविता नव्हत्याच, नुसते सारांश होते. तिसरी माझी मैत्रीण. तिचं सासर देवळीचं, ती रोज बसनं यायची. चौथी मी. पाचवे आमचे गुरुजी.

गुरुजी म्हणजे शिकवणारे नव्हेत, शिकणारे. जाम गावाच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत ते तात्पुरत्या जागेवर शिकवत होते, म्हणून आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. तिशीला टेकलेले, घरची शेती, बायको, एक लहान मुलगी. परीक्षेला ते बाहेरून बसत. आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्यांना शनिवारी वर्गात बसायची मुभा दिली होती, तेव्हा सकाळची शाळा आटोपून, दोन बसा बदलून, धोतराला लागलेली धूळ झटकत ते दुपारी येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. इंग्रजीत ते दोनदा नापास झाले होते. शाळेच्या मंडळानं स्पष्ट सांगितलं होतं की या उन्हाळ्यात पदवी मिळाली तर जागा कायम, नाहीतर जूनपासून दुसरा माणूस. त्यांनीच हे आम्हाला पहिल्या शनिवारी सांगितलं, अगदी सहज, बस उशिरा का आली हे सांगावं तसं.

आम्हाला त्या वर्षी चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कवींची सहा सुनीतं नेमली होती. सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता. ठरलेल्या मापाच्या ओळी, ठरलेली यमकं, आणि मधे कुठेतरी एक वळण, जिथे कवी आपलं म्हणणं फिरवतो. हे मी आज एका दमात सांगते आहे. तेव्हा मला यातलं फक्त 'चौदा' एवढंच कळलं होतं. सरांनी पहिल्याच तासाला व्याख्या लिहून दिली होती, मी ती सुबक अक्षरात उतरवली होती, आणि पान उलटलं होतं.

सरांचा जीव कवितेच्या अर्थात गुंतलेला होता. ते नागपूरचे, पण आमची भीती घालवायला मुद्दाम आमच्याच बोलीत प्रश्न टाकायचे. कवीनं एखादी उपमा दिली की फळ्यावर तीन शब्द लिहायचे: कशाले, काऊन, कुठवर. कवी कशाला कशाची उपमा देतो, का देतो, आणि ती कुठवर ताणतो. "पहिले दोन कोणीही सांगते," ते म्हणायचे. "कुठवर हे सांगीन तो खरा वाचणारा." मला पहिली दोन उत्तरं चटकन यायची आणि तिसऱ्याची मी वाट पाहत नसे. हात वर करून मोकळी व्हायची.

सहापैकी एक कविता जात्याची होती. कवी म्हणतो, मी धान्य आहे आणि माझी प्रिया म्हणजे जातं. तिच्या होकाराची एक तळी, नकाराची दुसरी, आणि या दोहोंत मी भरडला जातो आहे. सरांनी विचारलं आणि मी खाडकन उत्तर दिलं की कवीला प्रेमाच्या यातना दाखवायच्या आहेत. सर मान हलवत होते तेवढ्यात मागून गुरुजी म्हणाले, "पण सर, दाण्यानं काऊन रडावं? दळल्या नाई गेला तर भाकर कशी होईन?"

आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, हे मला लख्ख आठवतं. सर मात्र हसले नाहीत. "थांबा, याच्यावर येऊ आपण," म्हणाले, आणि घंटा झाली. पुढच्या शनिवारी गुरुजींच्या शाळेत तपासणी होती, ते आले नाहीत, आणि तो प्रश्न तसाच राहिला.

आता पुस्तकाचं. वर्धेच्या दुकानदाराकडे आम्ही जूनपासून खेटे घालत होतो आणि तो जूनपासून सांगत होता, "येऊन राह्यलं." दिवाळी झाली, संक्रांत झाली, पुस्तक येऊनच राहिलं होतं. कॉलेजच्या वाचनालयात एकच प्रत, तीही पाठ मोडलेली. जानेवारीत ती तीन दिवसांसाठी माझ्या हाती आली. सहाही सुनीतं उतरवून काढायची आणि वही मैत्रिणीला आणि गुरुजींना द्यायची, असं ठरलं. अक्षर माझं चांगलं म्हणून काम माझ्याकडे आलं, आणि मला त्याचा अभिमान होता.

पहिलं सुनीत उतरवायला बसले तर प्रत्येक ओळीपुढे हातभर कोरी जागा. सहा कविता, चौऱ्याऐंशी ओळी, आणि प्रत्येकीपुढे निम्मं पान वाया. माझ्या डोळ्यांना ते सहनच होईना. मी ओळी मोडल्या. एक संपली की त्याच रांगेत दुसरी जोडली, परिच्छेदासारखी, कडेपासून कडेपर्यंत. ओळीच्या सुरुवातीची मोठी अक्षरंसुद्धा लहान केली, कारण पूर्णविरामानंतरच मोठं अक्षर हे शाळेत छडीनं शिकवलेलं होतं. सहा कविता अडीच पानांत बसल्या. वडिलांनी वही पाहिली आणि म्हणाले, "वा." बस, एवढंच. त्या 'वा'वर मी दोन दिवस तरंगत होते.

मैत्रिणीनं काही न विचारता उतरवून घेतलं. गुरुजींनी शनिवारी वही उघडली, बराच वेळ पाहिली, मग हळूच म्हणाले, "ताई, सर तं चौदा ओळी म्हणत होते. मले इथं ओळी दिसून नाई राह्यल्या."

मला खरं सांगता आलं असतं. जागा वाचवायला मी मोडल्या, एवढं एकच वाक्य. पण ज्यांना मी हसले होते त्यांनीच माझी चूक दाखवावी, हे माझ्या नाकाला झोंबलं. मी म्हणाले, "ते छापण्यापुरतं असतं, गुरुजी. इंग्रजीत कविता अशी सलगच लिहितात."

"असं काय," ते म्हणाले, आणि उतरवायला लागले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा माणूस, माझ्या शब्दावर खाली मान घालून.

मार्चमध्ये शेवटचा तास झाला. तो शनिवार नव्हता, आणि गुरुजी नव्हते. सरांना दुसऱ्या गावच्या केंद्रावर परीक्षेच्या कामाचा हुकूम आला होता आणि त्याच संध्याकाळी ते गाडीनं निघणार होते. जाता जाता म्हणून त्यांनी फळ्यावर दोन चौकटी काढल्या. एका चौकटीत वर आठ ओळी, खाली सहा. ही इटलीची पद्धत, वळण आठव्या ओळीनंतर. दुसरीत चार, चार, चार आणि शेवटी दोन. ही इंग्रजांनी बसवलेली, शेवटच्या दोन ओळींत सगळ्याची गाठ. "नेमलेल्या सहापैकी कोणतं कोणत्या पद्धतीचं, वळण कितव्या ओळीले, आणि तिथं उपमा कशी फिरते. हे यंदा विचारतेच, लिहून ठेवा. ज्याले ओळी माहीत नाई त्याचा हा प्रश्न गेला, आणि हा गेला तर पेपर गेला."

मी तिथेच वही उघडून पाहिली. अडीच पानं, काठोकाठ, एक ओळ नाही. मुंगीला जागा नाही तशी मलाही जागा नव्हती.

तास संपताच वाचनालयात धावले. पुस्तक बाइंडिंगला नागपूरला गेलं होतं, पाठ मोडलेली होती म्हणून. कधी येईल विचारलं तर तिथल्या बाबूंनी "येईन ना" म्हणत खांदे उडवले. सरांच्या खोलीवर गेले तर कुलूप. रात्रभर ते सलग परिच्छेद डोळ्यांपुढे नाचत होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी गुरुजी खाली मान घालून बसलेले. आपण नापास होऊ याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती त्या शाळेतल्या जागेची होती, जी माझी नव्हती आणि माझ्यामुळे जाणार होती.

परीक्षेला तीन आठवडे होते. दोन दिवस मी एकटीनं ओळी शोधायचा खटाटोप केला आणि हरले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं देवळीला गेले.

मैत्रिणीला सांगणं अवघड गेलं नाही. "घाईत सलग उतरवलं वं, ओळींचं ध्यानातच नाही राहिलं," म्हणाले. ती म्हणाली, "मंग आता?" आणि चहा ठेवायला उठली. तिच्याजवळ मी चुकले होते, शहाणपण पाजळलं नव्हतं. त्यामुळे माझी जीभ मोकळी होती.

ओसरीवर तिची सासू तूर भरडत बसली होती. दळण गिरणीत जाई, पण डाळ घरच्याच जात्यावर व्हायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, अंगानं काटकुळी, आणि जात्यापाशी बसली की तोंडातल्या तोंडात ओवी चालू. आम्ही दोघी दारात वही घेऊन बसलो आणि ती जात्याची कविता मोठ्यानं वाचायला लागलो. यमकं जिथे जुळतील तिथे ओळ तुटणार, हे तर कळत होतं. पण सलग वाचताना डोळा पुढे पळतो आणि कान मागे राहतो. तीनदा वाचली, तीन ठिकाणी तोडली, प्रत्येक वेळी ओळी वेगळ्याच.

चौथ्यांदा वाचत होते तेव्हा जातं थांबलं. "हे मघाशी वाजलं," सासू म्हणाली.

"काय, मावशी?"

"आता जे बोलली ना पोरी तू, तसंच मघाशी बोलली होती. वाजते तसंच." तिला एक अक्षर कळत नव्हतं. अर्थाची अडचण नसल्यामुळे तिचा कान मोकळा होता. "पुन्हा म्हण. हळू म्हण, घाई काऊन करतं?"

मी हळू वाचलं. तिनं जातं फिरवायला घेतलं, ओवीला फिरवतात तशा संथ लयीत, आणि मी नकळत त्या लयीवर आले. जोर पडणारा शब्द आणि जात्याची फेरी एकत्र यायला लागली. दर वेळी नाही, पण पुष्कळदा, पाच फेऱ्या झाल्या की ती बोट वर करायची. "इथं." मैत्रीण पेन्सिलीनं उभी रेघ मारायची. ओवीच्या सवयीनं ती दोनदा भलत्याच ठिकाणी थांबली, तिथे आम्ही पुन्हा मोजलं. तासाभरात पहिल्या आठ ओळी उभ्या राहिल्या. "चौघी चौघी आहेत," सासू म्हणाली. "दोघी मधात, दोघी काठाले." परीक्षेला पुरेल इतकं उत्तर तिनं दोन वाक्यांत दिलं होतं, आणि पुन्हा तुरीची मूठ जात्यात टाकली.

मग नववी ओळ आली.

सलग वाचताना ती मला कधी दिसलीच नव्हती. परिच्छेदाच्या पोटात कुठेतरी बुडून गेली होती. आता एकटी, पेन्सिलीच्या दोन रेघांमध्ये उभी होती, आणि तिथे कवी चक्क फिरत होता. म्हणत होता, पण मी रडतो कशाला? न दळलेल्या दाण्याची भाकर कोणी खाल्ली आहे? प्रियेनं मला असंच पडून राहू दिलं असतं, तर मी कोणाच्या पोटी लागलो असतो?

गुरुजींचा प्रश्न. शब्द वेगळे, पण तोच. ओळी दिसत नसतानाही त्यांना वळण सापडलं होतं, आणि आम्ही हसलो होतो. मला इतकी लाज वाटली की वही मैत्रिणीकडे देऊन मी उगाच पाणी प्यायला आत गेले.

संध्याकाळपर्यंत सहाही कविता तुटल्या. चार कवितांच्या शेवटी दोन ओळी एकमेकींना चिकटून आल्या, आणि तिथे सासूला विचारावंही लागलं नाही. "ही सरली," ती आपणहून म्हणायची. निघताना मैत्रिणीनं विचारलं, "गुरुजीले कळवलं काय वं?"

"कळवते ना," मी म्हणाले.

घरी आल्यावर वडिलांना नुसतं एवढंच सांगितलं की जामकडच्या एका परीक्षार्थ्याला टिपणं द्यायची आहेत. मला वाटलं, वडील नाही म्हणतील. मला ते नाही म्हणायला हवे होते. "जा ना, सकाळच्या गाडीनं. दिवस मावळायच्या आत येजो," ते म्हणाले आणि माझं निमित्तही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. ऊन फार आहे, असं स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं, आणि ते खरंच दुखत होतं. खरी गोष्ट ही की मला त्यांचं तोंड दिसत होतं. ते वही उघडतील, रेघा पाहतील आणि सावकाश म्हणतील, ताई, तुम्ही तं म्हणल्या होत्या. त्या वाक्यापुढे उभं राहायचं मला धैर्य नव्हतं. चुकले म्हणणं सोपं असतं. आपण ऐटीत खोटं बोललो होतो हे सांगणं कसं असतं, ते ज्यानं टाळलं आहे त्यालाच माहीत.

चौथ्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं.

ते मला आजही पाठ आहे. सप्रेम नमस्कार. परीक्षेत सुनीतांच्या ओळींविषयी विचारण्याचा संभव आहे असे सर म्हणाले. वहीत मजकूर सलग आला आहे. यमकांवरून ओळी पाडता येतात. वाटलं तर बघा. अभ्यास चांगला चालला असेलच.

एकही शब्द खोटा नाही. कितीदा वाचलं तरी कुठे बोट ठेवायला जागा नाही, याची मी खात्री करून घेतली होती. 'वहीत मजकूर सलग आला आहे', जणू तो आपणहून चालत आला. त्या सुनीतांतले कवी जसे मनातलं सांगायचं टाळून बर्फाबद्दल आणि जहाजाबद्दल बोलतात तसंच, पण ते निदान आपलं दुखणं कळावं म्हणून बोलतात. मी कळू नये म्हणून लिहिलं. कार्डाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती. 'पुस्तकात ओळी होत्या, मी मोडल्या, मी खोटं बोलले', एवढं तिथे आरामात मावलं असतं. पण कोरी जागा सोडायची नाही हा घरचा नियम, आणि ती मला खुपत होती. तिथे मी लिहिलं: घरी सर्वांना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

कार्ड टाकलं आणि मनाला बजावलं की काम झालं. झालं असतं तर जेवण गेलं असतं. परीक्षेपर्यंतच्या दोन आठवड्यांत मी एक घास धड खाल्ला नाही. आई म्हणायची, पोरीनं अभ्यासाचा ध्यास घेतला. पोस्टमन दिसला की मी दारात जाऊन उभी राहायची, उत्तर आलं असेल म्हणून. आलं नाही की वाटायचं, कार्डच पोचलं नसेल. मग वाटायचं, पोचू नये. काय हवं आहे हेच मला कळत नव्हतं.

इंग्रजीच्या पेपरला केंद्र आमच्याच कॉलेजात होतं. गुरुजी दिसले, इस्त्रीचा सदरा घातलेले, हातात दोन नवे पेन. मी लांबून हात जोडले आणि पाणपोईकडे वळले. कार्ड मिळालं का, एवढे तीन शब्द विचारायचे होते. विचारले नाहीत.

प्रश्न आलाच. सर म्हणाले होते तसाच, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. मी नवव्या ओळीचं लिहिलं, भाकरीचं लिहिलं, उपमा कुठवर जाते ते लिहिलं. ते मी वर्गात कोणाकडून ऐकलं होतं हे सोडून सगळं लिहिलं. तीन बाकं पुढे मैत्रीण बसली होती, आणि तिची मान डोलताना मला दिसत होती. जात्याच्या लयीत मोजत होती ती.

बाहेर आल्यावर गुरुजी स्वतःच पुढे आले. चेहरा उजळलेला. "ताई, या खेपेला सुटलो वाटते. अर्थ पुरा लिहिला सगळ्या कवितांचा."

"आणि ओळींचा प्रश्न?"

"तो बी सोडला नाई ना. लिहून टाकलं की या ओळी छापण्यापुरत्या राह्यतात, इंग्रजीत कविता सलगच लिवतात. तुमचं वाक्य जसंच्या तसं टाकलं."

मी हो म्हणाले. छान, असंही काहीतरी म्हणाले. बस गाठायची म्हणून ते लगबगीनं गेले, आणि मी त्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे पाहत राहिले.

निकालापर्यंत मी कुठले कुठले नवस बोलले. आमच्या घरी नवसाला जागा नव्हती, म्हणून मनातल्या मनात. जूनमध्ये निकाल लागला. मैत्रीण पास, मी वरच्या श्रेणीत. बाहेरून बसलेल्यांची यादी वेगळी लावली होती. ती मी दोनदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचली. त्यांचा नंबर नव्हता. कोणीतरी सांगितलं की फार थोडक्यात गेला. कोणीतरी सांगितलं की शाळेत दुसरा माणूस आलासुद्धा. मी त्या दिवशी घरी पेढे वाटले, कारण ते वाटावेच लागतात.

पुढे मी एम.ए. केलं, आणि ऐंशीच्या दशकात मला समुद्रपूरकडच्या एका शाळेत कायमची नोकरी मिळाली. शाळेत मंडळी मला बाई म्हणायची आणि दर वेळी मला गुरुजींची गेलेली जागा आठवायची. वर्धेहून जाता-येता जामला बस बदलावी लागे. तिथे चौकात, हमरस्त्याच्या पलीकडे, गुरुजींनी चहाचं दुकान टाकलं होतं. पहिल्याच आठवड्यात दिसले. तेच वाकून काम करणं, खाली मान. मी छत्री उघडून अलीकडच्या बाजूला उभी राहिले. त्यानंतर पाच वर्षं मी त्याच बाजूला उभी राहत होते. पाऊस असो नसो, छत्री उघडी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. दुकानातून कोणी मोठ्यानं हसलं तरी मला वाटे, माझंच काही चाललं असेल.

वर्गात मी कविता शिकवायची तेव्हा मुलांना एकच गोष्ट बजावायची, ओळ मोडू नका. एका मुलीनं विचारलं, "जागा वाया जाते ना, बाई?" मी तिच्यावर इतकी खेकसले की ती रडायला लागली. मला तिची माफी मागता आली नाही, तेव्हासुद्धा.

मग एका एप्रिलमध्ये माझी बस आलीच नाही. दुपारचा एक वाजला, दीड वाजला. छत्रीच्या कापडातून ऊन गळत होतं. मी खाली पाहत उभी होते, तेवढ्यात माझ्या समोर दोन पाय येऊन थांबले आणि एक चहाचा ग्लास पुढे आला.

"घ्या, ताई. दोन तास झाले उभ्या आहात."

कानशिलांवर केस पिकले होते, बाकी तेच. मी ग्लास घेतला. मुलगी कितवीत आहे, विचारलं. सातवीत, म्हणाले, कविता छान म्हणते. शेती बरी आहे, म्हणाले. मग ते परत जायला वळले आणि मला कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"गुरुजी, त्या पुस्तकात ओळी होत्या," मी म्हणाले. "मी मोडल्या होत्या. जागा वाचवायला. आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

त्यांनी मान हलवली. "माहीत आहे मले. निकालानंतर कॉलेजात गेलतो. पुस्तक बाइंडिंग होऊन आलतं, तिथंच उभ्यानं पाह्यलं." मग म्हणाले, "ते दाण्याचं आणि भाकरीचं बरोबर होतं माझं. नवव्या ओळीत लिवलं आहे."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत? एवढी वर्षं मी इथं उभी राहते."

"तुमाले काय बोलू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमचं कार्ड तं आलतं ना. परीक्षेच्या आठ दिवस आधीच भेटलं होतं मले. चारदा वाचलं. ओळी छापण्यापुरत्या, हा तुमचा शब्द होताच माझ्यापाशी. वाटलं तर बघा, असं लिवलं होतं तुम्ही." रिकामा ग्लास त्यांनी माझ्या हातातून घेतला.

"मले नाई वाटलं, ताई."